मालकाचा अर्धा आटा

भोक पाडताना सगळ्यांचं लक्ष भोकाकडे असतं. खाली टेबलावर लोखंडाचा कीस साचतोय हे काम संपल्यावरच दिसतं. आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से असेच साचलेत. यातले काही मी तुम्हाला आधी सांगितले असतील. असतील तर मध्येच थांबवा. हल्ली मला नक्की आठवत नाही, आणि या सगळ्या किश्श्यांमागे भीती तीच आहे.

मंडळी म्हणजे आम्ही चौघं. चौघं होतो, असं म्हणायला हवं. साजगावचे रघुनाथ गायकर, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांच्या घरामागची पत्र्याची शेड हा आमचा अड्डा. कुंभिवलीचा नंदू पाटील, त्याचं हायवेला बॅटरी-वायरिंगचं दुकान. मोहोपाड्याचे दामले, केमिस्ट, स्टाफ कॉलनीत आयुष्य काढलेले. आणि कर्जतचा मी. मी इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्ररचना शिकवत होतो. दांडे आणि सांधे जोडून हालचाल इकडून तिकडे कशी न्यायची, म्हणजे लिंकेज, यात माझी पीएचडी आहे. म्हणून मला गायकर ‘सर’ म्हणतात, आणि गायकरांच्या शेजारीणबाई डॉक्टर समजून गुडघा दाखवतात.

आमचा उद्योग म्हणजे रिमोटवर चालणारे ट्रक. हातभर लांब, पण खेळणी नव्हेत. पूर्वी ते बारक्या इंजिनावर चालायचे. त्याचं खास तेल मिळेनासं झालं, आवाजावरून शेजारी भांडायला लागले, म्हणून आम्ही एकेक ट्रक बॅटरीवर आणायला घेतला. लोकांना वाटतं, यात मोटर बसवणं अवघड असेल. मोटर चार स्क्रूंवर बसते. अवघड असतं स्टिअरिंग. इंजिन आणि टाकी काढून तिथे बॅटरी ठेवली की चाकं वळवणाऱ्या सर्व्होला, म्हणजे काडेपेटीएवढ्या एका मोटरला, जागा बदलावी लागते. आणि सर्व्हो हलला की त्याच्यापासून चाकांपर्यंतचा प्रत्येक रॉड नव्याने मापात आणावा लागतो.

माझ्या आयुष्यभराचा विषय. वाटलं होतं, हे तरी मला जमेल.

* * *

पहिला ट्रक माझाच होता. मी तीन आठवडे ग्राफ पेपरवर आकृत्या काढल्या. रॉड कापले, सांधे बसवले, शेडमागच्या मैदानात ट्रक ठेवला आणि रिमोटवर डावीकडे वळवला. तो उजवीकडे गेला आणि गायकरांच्या धुण्याच्या दगडावर आदळला.

मी घरी जाऊन पुन्हा आकृत्या काढल्या. सर्व्हो मी उलटा बसवला होता, त्यामुळे त्याची फिरण्याची दिशाही उलटली होती. ती सुलटी करायला मी एक जादा सांधा आणि दोन जादा रॉड योजले. पंधरा दिवसांनी कागदांची गुंडाळी घेऊन शेडमध्ये गेलो आणि अर्धा तास सगळ्यांना समजावून सांगितलं.

गायकरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “सर, कागद तुमचा बरोबर हाय. पण रिमोटच्या मागं एक बटण हाय, दिशा उलटी करायचं. त्येवडं दाबून बघा.”

दामले इतके हसले की त्यांना खोकला लागला. मीही हसलो. पण घरी जाताना वाटलं, तीस वर्षं मी मुलांना नक्की काय शिकवलं?

* * *

आमच्याकडे एक नियम आहे, तो दामल्यांनी घातला. नंदूचा ट्रक आम्ही मोजून-मापून अगदी सरळ केला होता. माझ्या हातात सरळ जायचा, गायकरांच्या हातात सरळ जायचा, नंदूच्या हातात डावीकडे ओढायचा. दामले त्याच्या मनगटाकडे बघत बसले आणि म्हणाले, “यंत्र सरळ आहे. नंदू वाकडा आहे. शेवटचा अर्धा आटा त्यालाच फिरवू द्या.”

चाकांना जोडणाऱ्या रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे. बारक्या पान्याने रॉड जागच्या जागी फिरवला की तो लांब किंवा आखूड होतो. अर्धा आटा म्हणजे अर्धा फेरा, आणि त्याने आमच्या रॉडच्या लांबीत पडणारा फरक अर्धा मिलिमीटर. नंदूने तेवढा फिरवला आणि ट्रक त्याच्या हातात सुतासारखा सरळ गेला.

तेव्हापासून ठरलं. बाकी काम कोणीही करावं, शेवटचा अर्धा आटा फक्त मालकाचा. तो दिल्याशिवाय ट्रक जमिनीवर ठेवायचा नाही. एकदा गायकर तापाने तीन आठवडे पडून होते. शेड त्यांची, ट्रक त्यांचा, पाना तिथेच टांगलेला. आम्ही तिघं येत होतो, चहा पीत होतो, आणि त्या ट्रकला कोणी हात लावत नव्हतं.

गायकरांच्या पत्नी वैतागून म्हणाल्या, “देव हाय का काय तो?”

“नाय वहिनी,” नंदू म्हणाला, “देवाला आमी हात लावतो.”

* * *

दामल्यांचा ट्रक शेवटी घेतला, कारण त्यांना कधीच घाई नसायची. इंजिन निघालं, मोटर बसली, सर्व्हो बसला. रॉड साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर आणून आम्ही बाजूला झालो. अठ्ठेचाळीसवर ट्रक सरळ जाणार हे हिशेबाने दिसत होतं, म्हणजे मालकाचा अर्धा आटा तेवढाच बाकी होता. दामल्यांनी पाना हातात घेतला. तेवढ्यात घरून फोन आला, पाहुणे आले होते. त्यांनी पाना परत टांगला.

“राहू दे. पुढच्या रविवारी. अर्ध्या आट्यासाठी कोण अडलंय?”

तो ट्रक ते पिशवीत घालून घरी घेऊन गेले. गुरुवारी पहाटे झोपेतच गेले. काही आजार नव्हता.

पंधरा दिवसांनी दामलेवहिनींनी मला बोलावून ट्रक दिला. म्हणाल्या, “हा सरांना द्यायचा, असं हे सांगून गेलेत.”

मी विचारलं, “कधी सांगितलं?”

“बुधवारी. जेवताना.” मग म्हणाल्या, “मी म्हटलं, का हो, तुम्ही कुठे निघालात? तर ताटाकडे बघून हसले.”

* * *

आता मालक कोण? मी शेडमध्ये तसं विचारलं. गायकर म्हणाले, “दिला तुमाला, म्हंजे तुमी.” मला स्वतःला ते पटलं नव्हतं, पण पाना घेतला आणि अर्धा आटा दिला. व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने, मोजलं, अठ्ठेचाळीस. वहीत लिहिलं. ट्रक कर्जतला नेऊन कपाटात ठेवला.

पुढच्या रविवारी शेडमध्ये मोजला तर साडेअठ्ठेचाळीस.

“सर, फिरवायचा राहिला वाटतं,” गायकर म्हणाले. वहीत माझ्याच अक्षरात अठ्ठेचाळीस होतं. मी पुन्हा फिरवला. पुढच्या रविवारी पुन्हा साडेअठ्ठेचाळीस. हादऱ्यांनी आटे सैल होतात हे मला माहीत आहे, पण ट्रक चाललाच नव्हता. उष्णतेने धातू किती वाढतो त्याचं गणित मांडलं. तसं व्हायला कपाटात भट्टी हवी होती.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी चूक केली. मुलीला फोनवर सांगितलं. मुग्धा पुण्याला असते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, आजोबांचं असंच सुरू झालं होतं. दिव्याचं बटण दाबायचे आणि मी दाबलंच नाही म्हणायचे.”

मग तिने स्पष्टच सांगितलं. हे असंच चालू राहिलं तर कर्जतचं घर बंद करायचं आणि मी तिच्याकडे कायमचं जायचं. एकट्याने राहायचं नाही. तिचं काही चुकत नव्हतं. माझ्या वडिलांना शेवटी शेवटी मीच ओळखू येत नव्हतो.

त्यामुळे तेव्हापासून प्रत्येक रविवारी व्हर्नियर हातात घेतला की मी रॉड मोजत नव्हतो, स्वतःला मोजत होतो.

* * *

मुग्धाच्या सांगण्यावरून डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. म्हणाले, “एक घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं झालेली.” मी काढलं, आणि सवयीने काट्यांमधला कोनही लिहिला. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. ते चांगलं की वाईट, मला कळलं नाही.

मग म्हणाले, “तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. नंतर विचारीन. आंबा, खुर्ची, नदी.”

मध्ये त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी घामाघूम झालो, पण चुकलो नाही. शेवटी विचारलं, “ते शब्द?”

“आंबा, खुर्ची, नदी, साडेअठ्ठेचाळीस.”

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. “तीन बरोबर आहेत,” ते म्हणाले. “चौथा मी सांगितला नव्हता.”

मी तो बोलल्याचं मला आजही आठवत नाही.

* * *

नंदू धंद्याचा माणूस. म्हणाला, “सर, ट्रक तुमच्या घरी ठेवूच नका. हितं शेडमध्ये ठेवा, आन वर सील करा.” गायकरांच्या सुनेची लाल नेलपॉलिश आणली. मी अर्धा आटा दिला, तिघांनी मोजून अठ्ठेचाळीसची खात्री केली. नंदूने रॉडच्या दोन्ही टोकांना सांध्यावरून लाल लेप दिला. रॉड कणभर फिरला असता तरी लेप तडकला असता.

पुढच्या रविवारी लेपाला केसाएवढी चीर नव्हती. नंदूने बॅटरीचा उजेड पाडून दोन्ही बाजूंनी बघितलं. मग व्हर्नियर लावला.

साडेअठ्ठेचाळीस.

त्याने स्वतःच्या टेंपोने जाऊन दुकानातला दुसरा व्हर्नियर आणला. तोच आकडा. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, हे तुमच्या डोक्याचं नाय.”

क्षणभर मला किती बरं वाटलं, सांगता येणार नाही. मग मी विचारलं, “मग कशाचं रे?”

नंदूने व्हर्नियर खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसले. त्यानंतर तो त्या ट्रकच्या बाजूच्या स्टुलावर कधी बसला नाही.

पण खरं सांगायचं तर मला त्याचं बोलणं टिकवता आलं नाही. त्या सकाळी मी लवकर पोचलो होतो. गायकर चहा सांगायला घरात गेले तेव्हा पाचेक मिनिटं मी शेडमध्ये एकटा होतो. नेलपॉलिशची बाटली फळीवरच होती. मी काही केलं नाही असं मला वाटतं. माझे वडीलही तसंच म्हणायचे.

* * *

शेवटी मी नंदूच्या टेंपोने मोहोपाड्याला गेलो. दामल्यांचा ट्रक, तर अर्धा आटा दामल्यांच्या घरचाच हवा, असं मनाने घेतलं होतं. वहिनींपुढे ट्रक ठेवला, पाना ठेवला आणि रॉड दाखवला. आकडे, वही, नेलपॉलिश, सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. त्यांनी ट्रकवरची धूळ पदराने टिपली.

“म्हणजे यांच्या वाट्याचं एवढंच काम राहिलंय का?”

“हो. अर्धा आटा.”

“आणि मी फिरवला की झालं?”

“झालं असं मला वाटतं. माझं चुकतही असेल.”

त्यांनी पाना उचलून माझ्या हातात परत दिला. “मग मी नाही फिरवत, सर. झालं की संपलंच ना.”

आम्ही कोकम सरबत घेतलं. कॉलनीच्या पाण्याबद्दल बोललो. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि ट्रकची पिशवी त्यांनी स्वतः टेंपोच्या सीटवर ठेवली, माणसाला बसवतात तशी, ट्रकचं तोंड घराच्या दाराकडे राहील अशी.

* * *

मग मुग्धा आली. शुक्रवारी संध्याकाळी, रजा काढून. जेवताना म्हणाली, “बाबा, एकदा नीट तपासू आणि विषय संपवू. रॉड माझ्यासमोर फिरवा. दोघं मोजू. ट्रक कपाटात ठेवू, किल्ली माझ्याकडे. रविवारी सगळ्यांसमोर उघडू.”

“आणि अठ्ठेचाळीस तसाच राहिला तर?”

“तर इतके दिवस तुम्हीच फिरवून विसरत होतात.”

“आणि बदलला तर?”

“तर पुण्याचं नाव मी पुन्हा काढणार नाही.”

मला हे मान्य होतं. शास्त्राला धरून होतं. शनिवारी सकाळी मी अर्धा आटा दिला. अठ्ठेचाळीस भरला. तिने मोजला, मी मोजला, तिने फोनमध्ये लिहून ठेवलं. लोखंडी कपाटाला कुलूप लागलं. एकच किल्ली, दुसरी कधीच हरवली आहे. ती मुग्धाने गळ्यातल्या साखळीत अडकवली.

दिवसभर मी घरात फिरत होतो. भिंतींना हात लावत होतो. मुग्धाची आई शिवायला बसायची ती जागा, माझं टेबल. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाने भुतावर आशा ठेवून बसावं, याची लाज वाटत होती. पण ठेवली होती.

रविवारी सकाळी गायकर आणि नंदू टेंपोने कर्जतला आले. गायकरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुग्धाने गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, ट्रक पलंगावर ठेवला. नंदूने व्हर्नियर लावला, उजेडाकडे धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “अठ्ठेचाळीस.”

मी मोजला. अठ्ठेचाळीस. काटेकोर अठ्ठेचाळीस.

मी मुग्धाला म्हणालो, “म्हणजे मीच गं. ठीक आहे. पुस्तकं किती नेता येतील तेवढं सांग.”

गायकर जमिनीकडे बघत होते. “सर, दर रविवारी पुण्यास्नं या,” ते म्हणाले. “नंदू आणंल तुमाला.”

मुग्धा जागची हलली नव्हती.

“परत मोजा,” ती म्हणाली.

नंदूने मोजला. “ताई, अठ्ठेचाळीसच हाय.”

तिने त्याच्या हातातून व्हर्नियर घेतला. लहानपणी मीच तिला तो वाचायला शिकवला होता. तिने एकदा मोजला, रॉडच्या दुसऱ्या बाजूने मोजला, मग व्हर्नियर मिटून पुन्हा शून्यावर आणला आणि तिसऱ्यांदा मोजला. मग ट्रकपासून लांब, पलंगाच्या टोकाला जाऊन बसली.

“बाबा, काल दुपारी तुम्ही झोपला होतात,” ती म्हणाली. “मी कपाट उघडलं आणि अर्धा आटा मागे फिरवला. साडेअठ्ठेचाळीस केला. दोनदा मोजून कुलूप लावलं.”

“का?” मी विचारलं.

“तुम्हाला इथेच राहता यावं म्हणून.”

गायकरांनी अगदी हळू विचारलं, “आन किल्ली?”

तिने मूठ उघडून दाखवली. साखळी तिच्या बोटांना गुंडाळलेली होती. “तेव्हापासून गळ्यातच होती.”

त्या दुपारी मुग्धा एकटीच पुण्याला गेली. घर बंद करण्याचं तिने पुन्हा काढलं नाही. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन येतो. माझी तब्येत ती नंतर विचारते. आधी विचारते, “बाबा, आज किती भरला?”